दचके नकोत, भीती हवी: बघण्यासारखे भयपट सुचवा

रातकिडा
पावसाळा लागला की आमच्याकडे शनिवारी रात्री मंडळी जमतात. मी, बायको, मेहुणी, तिचा नवरा आणि वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त काका. यंदा भयपटांचा मोसम करायचं ठरलंय. गेल्या शनिवारी लावलेल्या सिनेमाचं नाव घेत नाही, कशाला कोणाच्या पोटावर पाय? दार करकरतं, संगीत थांबतं, नायिका आरशाचं कपाट बंद करते आणि मागे कोणीतरी उभं. काका प्रत्येक वेळी क्षणभर आधी "आता!" म्हणायचे आणि ते बरोबर यायचं. शेवटी आम्ही सिनेमा सोडून काकांचं टायमिंग बघत बसलो.

माझं म्हणणं सोपं आहे. कानाशी लवंगी लावली तर माणूस दचकतोच, त्यात दिग्दर्शकाचं काय कर्तृत्व? मला असे सिनेमे हवेत की संपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना आधी दिवा लावावासा वाटेल. जुने, नवे, कुठल्याही भाषेतले चालतील. चिरफाड नको, काकांची अँजिओप्लास्टी झाली आहे. मेहुणी सबटायटल्स वाचायला कुरकुरते, तिचं मी बघतो.

बॅटरी_डाऊन
रुमाल टाकून ठेवतो. काका भाड्याने मिळतील का?

तिसरी_घंटा
तुमच्या अटीत चपखल बसणारं पहिलं नाव 'द हॉन्टिंग'. 1963 चा, कृष्णधवल. त्याच नावाचा 1999 चा चकचकीत अवतार चुकूनही लावू नका. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे दोनच वर्षांनी 'साउंड ऑफ म्युझिक' करणारा गृहस्थ. अख्ख्या सिनेमात भूत दिसत नाही. चौघं दिवाणखान्यात बसलेत, बाहेर काहीतरी धडका मारतंय, आणि ते जाडजूड लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं. सैल पडतं, पुन्हा फुगतं. बस, एवढंच. मी हा प्रसंग पाहिल्यापासून जुन्या वाड्यातल्या दारांकडे टक लावून बघत नाही.

जोडीला 'द इनोसंट्स' (1961). हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'वरून. डेबोरा कर दोन मुलांना सांभाळायला एका मोठ्या हवेलीत येते. भर दिवसा, तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी असते. ती काही करत नाही, नुसती उभी असते. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या ठेवण्यासाठी फिल्टर हाताने रंगवले होते. त्यामुळे डेबोरा कर मेणबत्ती घेऊन फिरते तेव्हा आपली नजर तिच्यावर कमी आणि कडेच्या काळोखावर जास्त राहते. काकांना "आता!" म्हणायची संधी मिळणार नाही.

व्हीसीआर_भाड्याने
हे सगळं ठीक आहे, पण रामसे बंधूंचं नाव न घेता भयपटांचा धागा पाचव्या प्रतिसादाच्या पुढे जाता कामा नये. आमच्या गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर यायचा. तीन कॅसेटी: एक मारामारीचा, एक देवाचा, एक रामसेंचा. देवाचा मुद्दाम शेवटी लावायचे, म्हणजे पोरं घरी जायला तयार होत.

या मंडळींची सुरुवातच मजेशीर आहे. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (1970) पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला थिएटरात लोक जागे व्हायचे. भावांनी ते हेरलं आणि नुसत्या त्या प्रसंगाच्या जातीचाच सिनेमा काढला, 'दो गज जमीन के नीचे' (1972). महाबळेश्वरात चित्रीकरण, घरचीच माणसं कामाला. सात भाऊ, त्यातला एक कॅमेरा सांभाळणार, एक आवाज, दोघं दिग्दर्शन. पुढे 'पुराना मंदिर' (1984) ने भल्याभल्यांना तोंडात बोटं घालायला लावली. त्यातला सामरी, म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, आजही रात्री जिन्यात भेटला तर मी चप्पल तिथेच सोडून पळेन.

तिसरी_घंटा
रामसेंबद्दल आदर आहे. पण रातकिड्यांनी भीती मागितली आहे, जत्रा नाही.

व्हीसीआर_भाड्याने
जत्रेत घाबरला नाहीत का कधी?

निवांत_काकू
मुलांनो, भांडू नका. तुमच्या यादीत मराठी एकही नाही अजून. 'हा खेळ सावल्यांचा' (1976). डॉ. काशीनाथ घाणेकर आणि आशा काळे. नरसूच्या भुताचा सिनेमा म्हणूनच तो आमच्या पिढीला आठवतो. 'गोमू संगतीनं' सगळ्यांना पाठ असतं, ते सोडा. आशा भोसल्यांचं 'काजल रातीनं ओढून नेला' अंधारात एकट्याने ऐका. हृदयनाथांची चाल अशी आहे की गाणं संपतं आणि कोणीतरी खोलीतून निघून गेल्यासारखं वाटतं. सिनेमा शेवटी मनाच्या आजाराकडे वळतो, तेव्हा निव्वळ भूत हवं असेल तर थोडी निराशा होईल.

हिंदीत 'महल' (1949). काका नक्की खूश होतील. 'आयेगा आनेवाला' त्यातलंच, आणि त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं, 'कामिनी'चं नाव छापलं होतं.

एल्बेकाठी
काकू, 'महल'चा उल्लेख केलात म्हणून हॉटेलातून टंकतोय. 'महल'चा कॅमेरामन योसेफ विर्शिंग जर्मन होता. म्युनिकहून फ्रान्झ ऑस्टेनबरोबर आला आणि बॉम्बे टॉकीजमध्ये राहिला. त्या सिनेमातले झोके घेणारे झुंबर, जिन्यावरच्या लांब सावल्या, अर्धा उजेडात अर्धा काळोखात असलेला अशोककुमारचा चेहरा, हे सगळं बघताना जर्मन मूकपटांची आठवण येते ती उगाच नाही. संकलन बिमल रॉय यांचं, आणि 'मधुमती' (1958) त्यांनीच केला. पुनर्जन्म, जुनी हवेली, वादळी रात्र. आपल्याकडच्या भयपटाला गाण्यांचं वावडं कधी नव्हतंच.

मी हॅम्बुर्गला असतो. इथून तासाभराच्या आत ल्यूबेक आहे. तिथे नदीकाठी मिठाची जुनी विटांची गोदामं आहेत, 'नोस्फेरातू' (1922) मध्ये काउंट ऑर्लोक जे घर विकत घेतो ते हेच. दिवसा तिथे पर्यटक आइस्क्रीम खात फिरतात. मुर्नाऊने ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'चे हक्क न घेताच नावं बदलून सिनेमा केला. स्टोकरच्या बायकोने खटला भरला, जिंकला, आणि सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला. काही प्रती तोवर परदेशी गेल्या होत्या म्हणून आज आपण तो पाहू शकतो. मूकपट असल्याने मेहुणीबाईंना सबटायटल्स नाहीत, फक्त मधून मधून पाट्या. रॉबर्ट एगर्सचा 2024 चा नवा अवतारही देखणा आहे, पण त्यात रक्त आहे. काकांना नको.

बॅटरी_डाऊन
मरत नाही म्हणजे नाही. पिशाच्चपटाला शोभेसं नशीब.

सोलकढी_पॉइंट
अवांतर: आमच्या गावाक (कुडाळाजवळ) खऱ्या देवचाराक कोण घाबरणा नाय. तो राखणदार, शिवेवर असता, त्येका वर्साक एकदा रोट दिलो की झाला. तीच माणसा 'रात्रीस खेळ चाले' लागला की दारा लावून बसत. आता काय बोलतलास?

अनुस्वार
@सोलकढी_पॉइंट: मग 'मुंज्या' (2024) पाहिलात का? आदित्य सरपोतदारचा. कोकण, पिंपळ, मुंजीनंतर मेलेला पोरगा, सगळं आपल्या घरचं. भीती कमी, हसू जास्त, पण समुद्रातल्या त्या बेटावरच्या झाडाचं चित्रण चांगलं आहे. याच दिग्दर्शकाने त्याआधी मराठीत 'झोंबिवली' (2022) केला होता.

फास्ट_लोकल
डोंबिवलीकर म्हणून सांगतो, 'झोंबिवली' भयपट नाही, माहितीपट आहे. सकाळी 8:12 ला फलाट क्रमांक 5 वर या.

कापूसकोंड्या
हाहाहा. पण विषय कुठच्या कुठे गेला. रातकिडा, तुमच्या मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. दचकवणं ही हलकी कला नाही. 'द कॉन्ज्युरिंग' (2013) मधला टाळ्यांचा प्रसंग घ्या. आई तळघराच्या जिन्यात काडी पेटवून बसली आहे आणि काळोखातून दोन हात येऊन टाळी वाजवतात. हा दचकाच आहे. पण आधी अर्धा सिनेमा मुलींचा टाळ्यांचा लपंडाव दाखवून ती टाळी रुजवली आहे. वाईट दचका आणि चांगला दचका असा फरक करा, सरसकट नाकारू नका.

ध्वनिमुद्रिका
कापूसकोंड्यांना अनुमोदन. मी आवाजाच्याच कामात आहे, मुंबईत, मालिका आणि सिनेमांसाठी फोली करते. (पावलं, दारं, कपड्यांची सळसळ हे सगळं नंतर स्टुडिओत वाजवून भरतात, ते काम.) म्हणून थोडं आतलं सांगते.

दचक्यातला मोठा आवाज सगळ्यांच्या लक्षात राहतो. खरी करामत त्याच्या आधी असते. खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो: पंखा, लांबचा रस्ता, फ्रीजची घरघर. तो हळूहळू काढून घेतात. प्रेक्षकाला कळत नाही, पण तो पुढे झुकून कान देऊ लागतो. कान असा उघडा सापडला की मग साधी ताटली पडली तरी पुरते. आळशी सिनेमात हे काढून घेणं एका फटक्यात होतं, म्हणून काकांना "आता!" म्हणता येतं. त्यांना भूत कळत नाही, त्यांना फ्रीज बंद झालेला कळतो.

आवाज कशाचे असतात ते कळलं तर तुमची भीती जाईल. हाडं मोडायला परदेशात सेलरीचे दांडे मोडतात. आम्ही शेवग्याच्या ओल्या शेंगा मोडतो, माइकच्या अगदी जवळ धरून, पिळा देत. आणि 'द एक्झॉर्सिस्ट' (1973) मध्ये त्या मुलीची मान फिरते तो करकर आवाज? गोन्झालो गाविरा नावाच्या ध्वनितज्ज्ञाने जुनं चामडी पाकीट, आत क्रेडिट कार्डं असलेलं, माइकपुढे पिरगाळून तो काढला होता. चित्र बंद करून नुसता तो सिनेमा ऐकून बघा.

रातकिडा
@ध्वनिमुद्रिका: काकांना वाचून दाखवलं. त्यांनी आमच्या फ्रीजकडे संशयाने पाहिलं. वाचनखूण साठवली आहे, असा प्रतिसाद मिळाला की धागा काढल्याचं सार्थक होतं.

बॅटरी_डाऊन
आज घरी शेवग्याची आमटी आहे. आभारी आहे.

तिसरी_घंटा
आवाजाचा विषय निघाला आहे तर 'सायको' (1960). हिचकॉकला न्हाणीघराच्या प्रसंगाला संगीतच नको होतं. बर्नार्ड हर्मनने तरी नुसत्या तंतुवाद्यांवर तुकडा रचला, आणि तो ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, त्यामुळे काकांच्या डॉक्टरांचीही हरकत नसावी, मधुमेह नसला म्हणजे झालं.

मायलेकी
इतका वेळ नुसती वाचत होते. मला एक खटकतं, या यादीतल्या निम्म्या सिनेमांत बाईला वेड लागलंय की घर झपाटलंय हाच प्रश्न असतो. पण काही दिग्दर्शकांनी त्याच प्रश्नाला नीट हात घातलाय, ते सांगते.

'रोझमेरीज बेबी' (1968): गरोदर बाई सांगते की काहीतरी चुकतंय. नवरा, डॉक्टर, शेजारची गोड म्हातारी, सगळे तिला समजावतात, तुला आराम हवाय. मी हा सिनेमा पहिल्यांदा कॉलेजात पाहिला, तेव्हा सैतानाची गोष्ट वाटली. मुलगी झाल्यावर पुन्हा पाहिला आणि ते "समजावणं" सैतानापेक्षा भारी पडलं. शेजारीण रोज आणून देते ते पेय ती मुकाट पिते, त्या प्रसंगाला मी टीव्ही बंद केला होता.

मराठीत 'लपाछपी' (2017). पूजा सावंत, आठ महिन्यांची गरोदर, उसाच्या फडांच्या मधोमध एक घर. अंधाराचा आधार फारसा घेतलेलाच नाही, भर उन्हात उसात हरवायची भीती आहे. ज्यांनी उभ्या उसात शिरून पाहिलंय त्यांना कळेल, चार पावलं गेलं की आलो कुठून ते सांगता येत नाही. मुली मारण्याच्या प्रथेवर आहे, शेवटी जरा भाषण होतं, पण उषा नाईक यांच्यासाठी तरी बघाच. विशाल फुरियाने स्वतःच पुढे हिंदीत 'छोरी' (2021) केला. मूळ बघा.

तिसरा 'अंडर द शॅडो' (2016), फारसी. 1980 च्या दशकातलं तेहरान, इराण-इराक युद्ध, नवरा आघाडीवर, आई आणि मुलगी फ्लॅटमध्ये. वरच्या मजल्यावर न फुटलेलं क्षेपणास्त्र येऊन पडतं आणि त्याच्याबरोबर जिन्न आला असं शेजारी म्हणू लागतात. एका रात्री आई भुताला घाबरून मुलीला उचलून तशीच रस्त्यावर धावते, तर डोक्यावर रुमाल नाही म्हणून तिलाच पकडून नेतात. घरात भूत, बाहेर पोलीस. असा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिला नाही.

निवांत_काकू
मायलेकी, छान लिहिलंस गं. अशीच लिहीत जा.

घाटमाथा
'तुंबाड' कसं कोणी म्हणालं नाही? 2018 चा, राही अनिल बर्वेचा. तेव्हा फारसा चालला नाही, 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला. असा पाऊस पडद्यावर कोणी दाखवला असेल तर सांगा. अंगावर शेवाळ चढल्यासारखं वाटतं.

कापूसकोंड्या
उत्तम सिनेमा, पण भयपट म्हणणार नाही. लोभाची गोष्ट आहे.

घाटमाथा
लोभाची गोष्ट भयपट का असू नये? बाप पोराला घेऊन देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो, हस्तर नावाचा शापित देव पिठाच्या बाहुल्यांवर तुटून पडतो आणि हा मागून त्याच्या लंगोटातल्या मोहरा पाडून घेतो. मला भीती हस्तरची वाटली नाही. पोराला शिकवताना बापाच्या चेहऱ्यावर जो व्यवहार आहे, त्याची वाटली.

अनुस्वार
शीर्षक श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलंय, गोष्टीचा त्या कादंबरीशी संबंध नाही. गोष्टीची मुळं नारायण धारपांकडे जातात. साखळीने बांधलेल्या म्हातारीचा भाग धारपांच्या 'आजी'ची आठवण करून देतो, आणि 'आजी' स्टीफन किंगच्या 'ग्रामा'वरून. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्यामार्गे कोकणात उतरली. धारपांनी किंगच्या बऱ्याच गोष्टी अशा आणल्या, 'लुचाई' हीसुद्धा 'सेलम्स लॉट'वरून. पण माणसं, आळ्या, पडवी, कंदील सगळं इतकं इथलं की आम्ही शाळेत असताना तो किंगच आमच्या मागल्या आळीत राहतो असं वाटायचं.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. धारप, मतकरी एवढा साठा घरात असताना सिनेमा हिंदीत का व्हावा? मतकरींच्या 'खेकडा'वर कोणी तासाभराचा धड सिनेमा केला तर मी तिकीट काढून चारदा बघेन.

व्हीसीआर_भाड्याने
निर्माता मिळायला हवा ना. आमच्याकडे भुताला विनोदी सहकलाकार लागतो. 'झपाटलेला' (1993) आठवा. तात्या विंचूला हसत हसत मोठे झालो, पण रामदास पाध्यांचा तो बाहुला कपाटाच्या वर ठेवला असता तर झोपलो असतो का? आवाज दिलीप प्रभावळकरांचा. अजूनही ते कुठल्या सिनेमात प्रेमळ आजोबा होऊन बोलू लागले की मी जरा सावरून बसतो.

पोळा_फुटला
दक्षिणेकडे वळा भाऊ. सध्या भयपटात मल्याळम मंडळींचा हात धरणारा कोणी नाही. राहुल सदाशिवनचे दोन सांगतो. 'भूतकालम्' (2022): आजी वारते, घरात आई आणि बेकार मुलगा उरतात. आई नैराश्यात, मुलगा दारूत. घरात काही आहे की या दोघांचंच काही बिनसलंय, हे दीड तास कळू देत नाही. आईच्या कामात रेवती आहे. ही तीच, रामगोपाल वर्माच्या 'रात' (1992) मधली झपाटलेली मुलगी. तीस वर्षांच्या अंतराने हे दोन सिनेमे एकामागे एक लावा, मजा येते.

दुसरा 'ब्रह्मयुगम्' (2024), पूर्ण कृष्णधवल. सतराव्या शतकातलं मलबार, पळून आलेला एक गायक, पडका वाडा, पाऊस, आणि मालक मामूटी. फाशांचा डाव मांडून बसतो आणि हरलास तर तुझा वेळ माझा म्हणतो. मामूटी नुसता मांस खातो तेही बघवत नाही. सत्तेवरचा सिनेमा आहे, पण भाषण एकही नाही.

'भूल भुलैया' आवडला असेल तर त्याचं मूळ 'मणिचित्रताळ' (1993) बघून घ्या. शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता त्यासाठी.

फास्ट_लोकल
वर्माचाच 'कौन' (1999) विसरू नका. एक घर, पाऊस, उर्मिला, आणि दारावर मनोज बाजपेयी. गाणं नाही. "मॅडम" हा शब्द त्याने असा काही वापरलाय की ऑफिसात कोणी तसं म्हटलं तरी मी दोन पावलं मागे जातो. 'भूत' (2003) पण, मुंबईच्या टॉवरमधला. तो पाहून आमच्या शेजाऱ्यांनी बाराव्या मजल्याचं बुकिंग रद्द करून तिसरा घेतला होता.

बॅटरी_डाऊन
हप्ता कमी झाला असेल, भुताचं निमित्त.

कागदी_होडी
जपान-कोरिया राहिलं. 'रिंगू' (1998). विहिरीतून येणाऱ्या सदाकोची चाल विचित्र का वाटते माहीत आहे? नटीला उलटं चालायला लावून फीत उलटी फिरवली आहे. पाय पुढे येतात पण वजन मागे जातं, डोळ्याला चूक सापडत नाही आणि चैन पडत नाही. अमेरिकन 'द रिंग' (2002) वाईट नाही, पण मूळ जास्त कोरडा आहे आणि म्हणून जास्त लागतो. 'रिंगू'च्याच दिग्दर्शकाचा, नाकाताचा, 'डार्क वॉटर' (2002) तर पावसाळ्यातच बघायचा, छतावरच्या ओलीचा सिनेमा आहे तो.

कोरियन 'द वेलिंग' (2016): अडीच तासांहून मोठा, गावात रोग, परका म्हातारा, मांत्रिक, आणि आपण शेवटपर्यंत चुकीच्या माणसावर विश्वास ठेवत राहतो. रक्त आहे, सांभाळा. 'ट्रेन टू बुसान' (2016) झोंबीपट आहे, पण शेवटी रडवतो.

आणि 'क्वायदान' (1964). कोबायाशीचा, जपानी लोककथांवरच्या चार गोष्टी. आकाश चक्क रंगवलेलं, त्यात डोळे काढलेले. त्यातल्या होइचीची गोष्ट सांगतो. आंधळा तरुण बीवा वाजवून लढाईची गाथा गातो. त्याला रात्री एक सरदार बोलवायला येतो, दरबारात गा म्हणून. तो दरबार त्याच लढाईत मेलेल्यांचा असतो. मठातले भिक्षू त्याला वाचवायला त्याच्या सगळ्या अंगावर सूत्रं लिहितात, म्हणजे भुताला तो दिसू नये. फक्त कान लिहायचे राहून जातात.

मायलेकी
कानांचं पुढे सांगू नका!!

कापूसकोंड्या
यावरून आठवलं, 'द अदर्स' (2001) पण पाहा. निकोल किडमन आहे, आणि शेवटी कळतं की ती स्वतःच [संपादित]

संपादक
शेवट सांगू नये ही नम्र विनंती. 2001 चा असला तरी.

घाटमाथा
नवीन इंग्रजीत 'हेरेडिटरी' (2018) सुचवतो, पण शनिवारच्या मंडळींसाठी नव्हे. टोनी कोलेट जेवणाच्या टेबलावर मुलावर ओरडते तो प्रसंग भुताखेताच्या भागापेक्षा जास्त अंगावर येतो. घरात अलीकडे कोणी गेलं असेल तर लांब राहा. त्यापेक्षा 'गेट आउट' (2017). पटकथेचं ऑस्कर मिळवलेला भयपट, आणि काकांना मध्येमध्ये हसताही येईल. सासुरवाडी बघायला जाणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, रातकिडा, मेहुणीच्या नवऱ्याला शेजारी बसवा.

सोलकढी_पॉइंट
पुन्हा अवांतर. चकवा कोणाला लागलाय का इथे? आमच्या चुलत्यांना रात्री मळ्यात लागला होता, पहाटेपर्यंत एकाच बांधाभोवती फिरत होते. त्याच्यावर पिक्चर कोणी काढणार नाही, काही घडतच नाही ना त्यात.

अनुस्वार
'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) बघा. तीन पोरं जंगलात कॅमेरा घेऊन जातात, दिवसभर चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओढ्यापाशी येतात. शुद्ध चकवा आहे. अमेरिकेतला देवचार रोट मागत नाही, एवढाच फरक.

सोलकढी_पॉइंट
म्हणूनच सुटले नाहीत बिचारे.

रातकिडा
धागा वर काढतो. शनिवारी 'द इनोसंट्स' लावला. दिवे बंद, फ्रीज चालू (काकांच्या आग्रहावरून). अहवाल असा: बायकोला फार आवडला. मेहुणीच्या नवऱ्याला अर्ध्यात झोप लागली, त्याच्या मते "काही घडतच नाही". मेहुणी मात्र सबटायटल्सची कुरकुर विसरून तळ्याच्या प्रसंगाला पाय वर घेऊन बसली. काका पूर्ण वेळ गप्प होते. संपल्यावर म्हणाले, त्या दोन मुलांच्या आईवडिलांचं काय झालं ते कोणीच विचारलं नाही. मग बाराच्या सुमाराला त्यांना वर सोडायला मी जावं असं त्यांनी सुचवलं. लिफ्ट चालू होती.

मेहुणीच्या नवऱ्याच्या तक्रारीमुळे पुढच्या वेळी कापूसकोंड्यांचा 'कॉन्ज्युरिंग' लावावा लागणार, चांगला दचका म्हणून. त्यानंतर 'क्वायदान'चा विचार आहे. पण तो तीन तासांचा आहे म्हणे. मध्ये कुठे थांबून चहा करता येईल?

व्हीसीआर_भाड्याने
'कॉन्ज्युरिंग' चालतो आणि सामरी चालत नाही. लक्षात ठेवू.

कागदी_होडी
चार स्वतंत्र गोष्टी आहेत, कुठल्याही दोघींच्या मध्ये थांबता येतं. दुसरी, बर्फातल्या बाईची, संपली की थांबा. होइचीची तिसरी आहे, ती मोठी आहे, ती सलग बघा. मात्र चहा तेव्हाच पिऊन घ्या. चौथी गोष्ट पेल्यात दुसऱ्याच माणसाचा चेहरा दिसण्याची आहे.